हाड अजून झिजते आहे का? हिरडीरोगाच्या चेअरसाइड चाचणीचे परीक्षण

हिरडीरोगाचे उपचार पूर्ण होऊन काही वर्षे लोटलेला रुग्ण नियमित तपासणीसाठी खुर्चीवर बसतो, तेव्हा त्याचा प्रश्न बहुधा एकच असतो: "डॉक्टर, हाड अजून झिजतंय का?" प्रश्न साधा वाटतो, पण प्रामाणिक उत्तर देणे फार अवघड आहे. माझ्या हातातली नेहमीची साधने, म्हणजे प्रोब आणि एक्स-रे, आजवर काय झाले ते सांगतात आणि आज काय चालू आहे याबाबत जवळजवळ मौन पाळतात. या मौनावर उपाय म्हणून बाजारात आलेल्या दोन गोष्टी मी गेले काही महिने वापरून पाहिल्या. पहिली म्हणजे खुर्चीशेजारीच पाच मिनिटांत होणारी, चूळ भरून करायची, एमएमपी-८ हे हिरडीतले तंतू तोडणारे एन्झाइम मोजणारी चाचणी. दुसरी म्हणजे हिरडीच्या फटीतला द्रव कागदी पट्टीवर टिपून प्रयोगशाळेकडे पाठवण्याची आणि तिथून हाडाच्या निर्देशकांचा, म्हणजे हाडाच्या स्थितीची खूण देणाऱ्या रेणूंचा, अहवाल मागवण्याची सेवा. हे परीक्षण मुख्यतः पहिलीचे आहे. दुसरीबद्दल लिहिणेही भाग आहे, कारण 'हाडाची झीज' हे शब्द खऱ्या अर्थाने तिच्याच वाट्याचे आहेत. मी ब्रँडची नावे घेतलेली नाहीत, कारण माझे बहुतेक आक्षेप आणि माझी बहुतेक पसंती या प्रकारच्या कोणत्याही किटला लागू पडेल अशी आहे.

चाचणीचे मोल ठरवण्यापूर्वी तिच्याशिवाय आपले कुठे अडते ते पाहायला हवे. प्रोब म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई. ती हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजायची असते. निरोगी फट १ ते ३ मिलिमीटर भरते, त्याहून खोल गेली की तिला आपण पॉकेट म्हणतो. पण तीच जागा त्याच हाताने दुसऱ्या दिवशी मोजली तरी एखाद्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून झीज खरोखर वाढली आहे असे म्हणायला साधारण २ मिलिमीटरचा बदल दिसावा लागतो, आणि तेवढा बदल होईपर्यंत थांबणे म्हणजे दाताचा तेवढा आधार गमावून बसणे. एक्स-रेची मर्यादा याहून मोठी आहे. हाडातील सुमारे ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर झीज नीट उमटत नाही, आणि गालाकडच्या व जिभेकडच्या बाजूचे हाड तर दाताच्या सावलीतच दडून राहते. प्रोब लावल्यावर होणारा रक्तस्राव हे चिन्ह मला या तिघांत सर्वांत उपयोगी वाटते, पण त्याचा उपयोग एकाच दिशेने होतो. वारंवार तपासूनही ज्या जागी रक्त येत नाही ती जागा बहुतांशी स्थिर असते, मात्र जिथे रक्त येते तिथे हाड झिजतेच आहे असे म्हणता येत नाही. त्यात धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त येण्याचे प्रमाणच कमी असते, त्यामुळे ज्याची काळजी सर्वाधिक वाटायला हवी त्याच रुग्णाच्या बाबतीत हे चिन्ह गप्प बसते.

हिरडीचा दाह झालेल्या प्रत्येकाचे हाड जात नाही, हे या विषयातले सर्वांत त्रासदायक सत्य आहे. हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवरच्या ४८० पुरुष कामगारांचा १५ वर्षे मागोवा घेऊन १९८६ साली निष्कर्ष मांडले. या कामगारांना दातांचे उपचार मिळत नव्हते आणि तोंड स्वच्छ करण्याची सवयही नव्हती, म्हणजे कीटण आणि दाह जवळजवळ सर्वांनाच होता. तरीही सुमारे ८ टक्के लोकांत रोग वेगाने वाढला, सुमारे ८१ टक्के लोकांत मध्यम गतीने, आणि सुमारे ११ टक्के लोकांत हिरडीच्या दाहापलीकडे तो गेलाच नाही. त्याआधी दोनच वर्षे, १९८४ मध्ये, सॉक्रान्स्की, हाफाजी, गुडसन आणि लिंड यांनी रोग एकसारख्या संथ गतीने न सरकता मधूनमधून उसळतो आणि पुन्हा शांत होतो, असा विचार पुढे आणला होता. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की रुग्णाच्या त्या साध्या प्रश्नाचे खरे रूप समोर येते: या माणसात, या दाताशी, या महिन्यात उसळी चालू आहे का? असे सांगणारा रेणू मिळावा म्हणून गेली कित्येक दशके शोध चालला आहे, आणि मीही त्याच आशेने किट उघडले.

किट वापरणे सोपे आहे, आणि जिथे अडते तिथेही ते माझ्याच सवयींमुळे अडत होते. रुग्णाने आधी साध्या पाण्याने अर्धा मिनिट चूळ भरून थुंकायची, मग एक मिनिट थांबायचे, आणि नंतर किटमधल्या शुद्ध पाण्याच्या ५ मिलिलिटर द्रवाने पुन्हा अर्धा मिनिट खळखळून चूळ भरून ती कपात काढून ठेवायची. पहिल्या चुळीने तोंडातली जुनी लाळ आणि अन्नकण निघून जातात आणि मधल्या मिनिटात हिरडीच्या फटीतला द्रव पुन्हा पाझरतो, त्यामुळे हे मिनिट घाईने कापून चालत नाही. सुरुवातीला काही वेळा गप्पांच्या ओघात मी ते कापले, आणि त्या चाचण्या नंतर रद्द धरल्या. कपातला द्रव सिरिंजमध्ये घेऊन छोट्या गाळणीतून पट्टीवर काही थेंब टाकले की पाच मिनिटांत रेघ उमटते. एक रेघ ही नियंत्रणाची असते, ती आली म्हणजे पट्टीने आपले काम केले. दुसरीही आली तर एन्झाइमचे प्रमाण ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आहे असे समजायचे. या प्रकारच्या सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या चाचणीत ही मर्यादा २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवलेली आहे. घरच्या घरी करायच्या गर्भचाचणीचेच हे तत्त्व आहे, त्यामुळे रुग्णाला ते समजावून सांगावे लागत नाही.

अडचण येते ती फिकट रेघेशी. प्रखर दिव्याखाली पाहिली तर आहे, खिडकीच्या उजेडात पाहिली तर नाही, अशी रेघ मला अनेकदा मिळाली, आणि माझ्या सहायिकेने व मी ती वेगवेगळी वाचली. पट्टी घालून आकडा देणारे छोटे यंत्र वेगळे मिळते, आणि माझा अनुभव असा की ज्याला ही चाचणी गंभीरपणे वापरायची आहे त्याने ते यंत्र घेतल्याशिवाय सुरुवात करू नये. आकडा असला की मागच्या वेळेशी तुलना करता येते. नुसत्या रेघेत ती करता येत नाही, आणि दीर्घकालीन रोगात तुलनेइतके मोल दुसऱ्या कशालाच नसते. दुसरी सूचना किटच्या पत्रकात जरा ठळकपणे यायला हवी होती: चाचणी प्रोब लावण्याआधीच करायची. प्रोबने रक्त निघाले की त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी चुळीत उतरतात, आणि मग आपण रोग मोजतो आहोत की आपल्याच सळईचा घाव मोजतो आहोत, हे सांगता येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. ही चाचणी नेमके काय मोजते? एमएमपी-८ हे कोलॅजेन, म्हणजे ऊतींना बळकटी देणारे तंतुमय प्रथिन, तोडणारे एन्झाइम आहे. कोलॅजेनचा रेणू तीन साखळ्यांचा पीळ घातलेल्या दोरासारखा असतो आणि शरीरातली बहुतेक एन्झाइमे त्याला धक्काही लावू शकत नाहीत. एमएमपी-८ आणि त्याची मोजकी भावंडे मात्र त्या दोराला एका ठरलेल्या जागी कापतात, तुकडे साधारण तीन-चतुर्थांश आणि एक-चतुर्थांश लांबीचे पडतात, आणि मग उरलेला पीळ उलगडून इतर एन्झाइमे त्याचा फडशा पाडतात. हिरडीतले एमएमपी-८ बहुतांशी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींकडून येते. या पेशी ते निष्क्रिय रूपात पिशव्यांमध्ये भरून ठेवतात आणि जिवाणूंचा हल्ला झाला की बाहेर टाकतात. म्हणूनच चाचणी एकूण एमएमपी-८ ऐवजी त्याचे सक्रिय झालेले रूप पकडते, आणि ही निवड मला अगदी योग्य वाटते. म्यानातली आणि म्यानाबाहेरची तलवार यांत जेवढे अंतर आहे तेवढेच या दोन रूपांत आहे. हेलसिंकी विद्यापीठातील टिमो सोर्सा यांच्या गटाने या एन्झाइमवर दीर्घकाळ काम केले आहे, आणि रोगात ते वाढते व खोल सफाईनंतर उतरते ही गोष्ट आज नीट प्रस्थापित आहे.

परंतु हे सर्व वाचताना एक शब्द कुठेच आलेला नाही, तो म्हणजे हाड. एमएमपी-८ हे हिरडीच्या आणि दाताला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंच्या विध्वंसाचे चिन्ह आहे. हाड खाण्याचे काम ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी करतात. त्या आम्ल सोडून आधी खनिज विरघळवतात आणि मग कॅथेप्सिन-के या वेगळ्याच एन्झाइमने आतला सेंद्रिय सांगाडा पचवतात. मऊ ऊतींची पडझड आणि हाडाची झीज बहुधा हातात हात घालून चालतात हे खरे असले, तरी एक झाली म्हणजे दुसरी झालीच, असे म्हणता येत नाही. हिरडीच्या साध्या दाहात, जिथे हाड अजिबात गेलेले नसते, तिथेही न्यूट्रोफिल असतात आणि थोडेफार एमएमपी-८ असतेच. म्हणून मी वापरलेल्या किटच्या माहितीपत्रकात 'हाडाची झीज आधीच ओळखा' असा जो सूर होता, तो मला खटकला. चाचणी उपयोगी आहे, पण तिचा हा दावा तिच्या ताकदीपलीकडचा आहे, आणि त्यावर विसंबून रुग्णाशी बोलणारा दंतवैद्य नकळत रुग्णाची दिशाभूल करतो.

मग हाडाबद्दल बोलणारे निर्देशक कोणते? याच उत्सुकतेने मी प्रयोगशाळेची सेवा घेऊन पाहिली. पद्धत अशी की दात कोरडा करून, लाळ येणार नाही अशी व्यवस्था करून, कागदाची अरुंद पट्टी फटीत अर्धा मिनिट धरायची आणि ती थंड डब्यात घालून पाठवायची. एका पट्टीवर येणारा द्रव बहुधा एका मायक्रोलिटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. एवढ्याशा थेंबात रेणू मोजायचे म्हणजे पट्टी धरणाऱ्या हाताची कसोटीच लागते. पट्टीला रक्ताचा गुलाबी डाग लागला तर ती फेकून द्यावी लागते, कारण हाडाचे निर्देशक रक्तातही असतातच. सर्वाधिक सुजलेल्या, म्हणजे सर्वाधिक जाणून घेण्याजोग्या जागांवरच ही पट्टी रंगण्याची शक्यता सर्वाधिक असते, ही या पद्धतीची जन्मजात अडचण आहे.

या सेवेच्या अहवालातल्या निर्देशकांपैकी मला सर्वांत मोलाचा वाटला तो आयसीटीपी. हाडाच्या सेंद्रिय भागाचा सुमारे ९० टक्के हिस्सा पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनचा असतो, आणि त्या कोलॅजेनच्या शेपटाकडचा, आडव्या बंधांनी जोडलेला तुकडा म्हणजे आयसीटीपी. त्याच शेपटाचा सीटीएक्स हा आणखी एक तुकडा हाडांच्या ठिसूळपणाच्या रक्ततपासणीमुळे अनेकांच्या परिचयाचा आहे. दोन्ही एकाच जागेचे असले तरी त्यांची कथा वेगळी आहे, आणि ही कथा या विषयातली माझी सर्वांत आवडती आहे. ऑस्टिओक्लास्ट कॅथेप्सिन-केने कोलॅजेन कापतात तेव्हा सीटीएक्स सुटतो, पण तोच कॅथेप्सिन-के आयसीटीपीची ओळखखूण मात्र तोडून टाकतो. एमएमपी एन्झाइमांनी कोलॅजेन कापले तर आयसीटीपी शाबूत सुटतो. म्हणूनच हाडांच्या नेहमीच्या ठिसूळपणात रक्तातला आयसीटीपी फारसा हलत नाही, पण आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) किंवा हाडात पसरलेला कर्करोग यांसारख्या, आजारामुळे होणाऱ्या विध्वंसात तो वाढतो. हिरडीरोगातली झीज याच दुसऱ्या जातकुळीची असल्यामुळे फटीतल्या द्रवातला आयसीटीपी रोगग्रस्त जागी वाढलेला सापडतो. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची जिवाणू मारण्याइतकी नसलेली मात्रा, २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, एमएमपी एन्झाइमांना आवर घालते. ती दिल्यावर फटीतल्या द्रवातला आयसीटीपी उतरल्याचेही दिसून आले आहे. अमेरिकेत हिरडीरोगासाठी या मात्रेला १९९८ साली मान्यता मिळाली. ज्या रेणूवर औषधाचा परिणाम दिसतो तो रेणू रोगाच्या मार्गातच कुठेतरी बसलेला आहे, एवढा विश्वास त्यातून बसतो. तरीही पहिल्या प्रकारचे कोलॅजेन हिरडीतही आणि दाताच्या बंधनतंतूंतही भरपूर असते, तेव्हा आयसीटीपी म्हणजे निव्वळ हाड, असे म्हणण्याचा मोह मात्र टाळायला हवा.

अहवालातल्या इतर ओळींबद्दल थोडक्यात सांगते. ऑस्टिओकॅल्सिन हे ४९ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन हाड बांधणाऱ्या पेशी तयार करतात. हाडाच्या एकूण उलाढालीचे ते चांगले चिन्ह आहे, पण फटीतल्या द्रवात त्याचे निष्कर्ष अभ्यासागणिक बदललेले दिसतात, आणि दाहाच्या जागी भरून राहिलेली एन्झाइमे त्याचे तुकडेही करतात. अल्कलाइन फॉस्फटेज न्यूट्रोफिल, जिवाणू, हाडाच्या पेशी अशा सगळ्यांकडून येते, त्यामुळे वाढलेला आकडा कोणाचा, हे कळत नाही. आरएएनकेएल आणि ओपीजी यांचे गुणोत्तर तत्त्वतः सर्वांत सुंदर आहे. पहिला रेणू ऑस्टिओक्लास्ट घडवण्याची आज्ञा देतो आणि दुसरा त्या आज्ञेला वाटेतच अडवतो, म्हणजे गुणोत्तर वाढले की हाड खाणाऱ्या पेशींची भरती सुरू झाली, असा त्याचा अर्थ. रोगग्रस्त जागी हे गुणोत्तर वाढलेले सापडते, आणि आरएएनकेएल अडवणारे डेनोसुमॅब हे ठिसूळ हाडांवरचे औषध २०१० पासून वापरात आहे. परंतु उपचारानंतर हे गुणोत्तर हमखास उतरतेच असे नाही, आणि एकाच रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी त्यावर विसंबण्याची माझी तयारी नाही.

सेवेबद्दलची माझी तक्रार रेणूंबद्दल नाही, अहवालाबद्दल आहे. मला आलेल्या पहिल्या अहवालात निर्देशकांसमोर छापलेल्या सामान्य मर्यादा रक्ताच्या होत्या. फटीतल्या द्रवाची आणि रक्ताची तुलना करणे म्हणजे विहिरीच्या पाण्याला समुद्राच्या भरतीचे वेळापत्रक लावणे. विचारणा केल्यावर ती ओळ काढून टाकण्यात आली, पण तिच्या जागी दुसरे काहीच आले नाही. दुसरी उणीव अधिक तांत्रिक, पण अधिक महत्त्वाची आहे. अहवाल केवळ प्रति मिलिलिटर प्रमाण देत होता. पट्टीवरचा द्रवच इतका कमी असतो की त्याचे आकारमान मोजताना झालेली बारीकशी चूक भागाकारात पडून प्रमाणाचा आकडा दुप्पट-तिप्पट करू शकते. शिवाय सुजलेल्या जागी द्रवच जास्त पाझरत असल्यामुळे तिथला रेणू पातळ होऊन प्रमाण उलट कमीही दिसू शकते. म्हणून अर्ध्या मिनिटात पट्टीवर एकूण किती रेणू आला हा आकडाही अहवालात असायला हवा. तो मागितल्यावर मिळाला, पण मागावा लागला. रोजच्या वापरासाठी मी ही सेवा सध्या सुचवणार नाही. संशोधनासाठी, किंवा एखाद्या तरुण रुग्णाचे हाड झपाट्याने जात असेल आणि कारण सापडत नसेल तेव्हा, ती नीट हाताने केली तर बोलकी ठरते.

इथे एक गोष्ट ओघाने सांगितली पाहिजे, कारण ती मला वारंवार विचारली जाते. रजोनिवृत्तीनंतर हाडांसाठी औषधे घेणाऱ्या स्त्रिया आपला सीटीएक्सचा रक्त-अहवाल दाखवून हिरड्यांबद्दल विचारतात. त्या अहवालातून हिरड्यांबद्दल काहीच कळत नाही. दातांभोवतीचे हाड म्हणजे साऱ्या सांगाड्याचा फार छोटा अंश, आणि रक्तातला आकडा साऱ्या सांगाड्याचा असतो. शिवाय तो सकाळी जास्त, दुपारी कमी, जेवणानंतर आणखी कमी असा बदलतो, आणि बिस्फॉस्फोनेट घेत असल्यास औषधामुळेच उतरलेला असतो.

आता चूळ-चाचणीचा प्रत्यक्ष उपयोग कुठे झाला ते लिहिते. सर्वांत जास्त उपयोग देखभालीच्या टप्प्यात झाला. उपचार होऊन गेले आहेत, जुनी झीज एक्स-रेवर दिसतेच आहे, काही पॉकेट ४-५ मिलिमीटरवर रेंगाळली आहेत, रक्त कधी येते कधी नाही, अशा रुग्णाला तीन महिन्यांनी बोलवायचे की सहा, हा निर्णय आजवर मी अंदाजाने घेत होते. लागोपाठ दोन वेळा आकडा मर्यादेखाली आला आणि रक्तही नसेल तर अंतर वाढवण्याचे धाडस मला होते. आकडा वर असेल तर अंतर कमी करते आणि साफसफाई पुन्हा शिकवते. धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत हा निर्णय अधिक सुकर झाला, कारण तिथे रक्ताचे चिन्ह अपुरे पडते. मात्र धूम्रपान करणाऱ्याचा आकडा मर्यादेखाली आला म्हणून मी अंतर वाढवत नाही. तिथे मी वाढलेल्या आकड्याचे ऐकते, कमी आकड्याचे नाही. खोल सफाईनंतर आकडा उतरला नाही तर काहीतरी राहिले आहे असे मी धरते, आणि दोनदा असे धरल्यावर मुळांच्या दुभाजकात अडकलेले कीटण सापडले.

जिथे चाचणीने चकवले त्या घटना तितक्याच मोकळेपणाने सांगायला हव्यात. एका तरुणाचा आकडा खूप वाढलेला होता आणि एकही पॉकेट नव्हते. कारण होते अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरची सुजलेली हिरडी. चाचणीने न्यूट्रोफिल पाहिले, ते कोणत्या कारणाने जमले हे तिला विचारता येत नाही. उलट एका बाईंच्या केवळ एका दाढेशी ९ मिलिमीटर खोल पॉकेट होते, बाकी तोंड निरोगी होते, आणि आकडा मर्यादेखाली आला. साऱ्या तोंडाच्या चुळीत एका दाढेचा आवाज बुडून जातो. अठ्ठावीस दातांच्या तोंडात १६८ जागा मोजाव्या लागतात, आणि त्यांतली कोणती जागा बोलते आहे हे चुळीने कधीच कळणार नाही. त्यामुळे ही चाचणी केल्यावर प्रोब न लावणे ही चूक आहे, आणि ज्या ठिकाणी केवळ चुळीवरून रुग्णाला 'सर्व ठीक' सांगून पाठवले जाते तिथे ती चूक घडते आहे.

रोगाच्या अधिकृत वर्गीकरणातही या निर्देशकांची जागा अशीच, दाराशी उभी असल्यासारखी आहे. २०१७ च्या जागतिक कार्यशाळेतून आलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात रोगाच्या तीव्रतेचे चार टप्पे आणि वाढीच्या वेगाच्या तीन श्रेणी आहेत. श्रेणी ठरते ती पाच वर्षांत आधार किती गेला यावरून: काहीच नाही, २ मिलिमीटरपेक्षा कमी, की २ मिलिमीटर वा अधिक. जुन्या नोंदी नसतील तर हाडाच्या झिजेच्या टक्क्यांना वयाने भागून ती काढतात. दिवसाला १० किंवा अधिक सिगारेटी, किंवा मधुमेहात एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतल्या सरासरी रक्तशर्करेचे माप) ७ टक्के वा अधिक असेल तर श्रेणी वर सरकते. जैविक निर्देशकांसाठी पुढे जागा ठेवलेली आहे, पण त्यांच्या आकड्यांवर श्रेणी ठरत नाही. मला हा सावधपणा रास्त वाटतो. पाच वर्षांपूर्वीचा एक्स-रे जपून ठेवलेला रुग्ण आजही कोणत्याही किटपेक्षा अधिक माहिती घेऊन येतो. त्यामुळे जुने एक्स-रे फेकू नका, ही विनंती मी प्रत्येकाला करते.

घ्यावे की नाही, याचे माझे उत्तर असे. ज्याच्याकडे देखभालीचे रुग्ण पुष्कळ आहेत, जो प्रत्येक भेटीत सहा जागी प्रोब लावतोच, आणि जो आकडा देणारे यंत्रही घेणार आहे, त्याने ही चाचणी जरूर घ्यावी. तिच्यामुळे निर्णय अधिक सुस्पष्ट होतात, आणि रुग्णही उमटलेली रेघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहून दातांच्या फटी साफ करायला लागतात, असा माझा वारंवारचा अनुभव आहे. ज्याला प्रोबचा कंटाळा आहे म्हणून पट्टी हवी आहे, त्याने घेऊ नये. रुग्णांनी स्वतःहून ही चाचणी मागण्याची गरज नाही. पण ती केली गेली तर आकडा किती आला, तो कशाचा आहे आणि प्रोबची मोजमापे काय आली, हे तिन्ही विचारावे.

सुरुवातीला ज्या प्रश्नाचा उल्लेख केला, तो गेल्या आठवड्यात एका सेवानिवृत्त शिक्षकांनी पुन्हा विचारला. त्यांची चाचणी सलग तिसऱ्यांदा मर्यादेखाली होती, रक्त कुठेच नव्हते, पॉकेट वर्षभर होती तेवढीच होती. मी त्यांना म्हटले, "सर, कोलॅजेन तोडणारं एन्झाइम आज वाढलेलं दिसत नाही. हाडाबद्दल मी पुढच्या वर्षीच्या एक्स-रेनंतर बोलेन." केसपेपरवर 'हाड स्थिर' असे लिहिण्यासाठी हात पुढे गेला होता. मी 'एमएमपी-८ मर्यादेखाली, रक्तस्राव नाही, पॉकेट पूर्ववत' असे लिहिले आणि सहा महिन्यांनंतरची तारीख दिली.